दोन बोटे उंच

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत एका सामान्य मनुष्याच्या मत्सराचे यथाशक्ती वर्णन करण्याचा माझा संकल्प आहे. हिच्यात खून नाही, कोर्टकचेरी नाही, गुप्तधन नाही. दोन जुन्या गाड्या आहेत, त्यांचे दोन चालक आहेत, आणि एका मुलीची पाठवणी आहे. मी दारव्ह्यात गाड्यांच्या पाठीमागे नावे व नंबर रंगवतो, त्यामुळे या गाड्या मी जवळून पाहिल्या. चालकांच्या मनातले मात्र त्यांच्यापैकी एकाने मला पुढे स्वतः सांगितले. माणसांची आणि तांड्याची नावे मी बदलली आहेत, कारण कोणाचे मन दुखावणे हा या लेखनाचा हेतू नव्हे. आता कथेस आरंभ करतो.

"काय शोधून राह्यला बे धम्म्या?"

भावसिंग आडे याने मागून हाक दिली तेव्हा धम्मरत्न ठमके हा भावसिंगच्याच बोलेरोच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसलेला होता. त्याचा उजवा पंजा टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या पोकळीत ताणलेला होता. पोकळी वितीत मावत नव्हती. त्याने हात झटकन बाहेर काढला.

"काई नाई. विडी पडली."

"तू कधीपासून विडी प्यायले लागला?"

बसस्थानकासमोरचे दोघेतिघे हसले. त्यांत तनवीर होता. तनवीरची स्वतःची गाडी नव्हती. ज्याला चालक हवा असेल त्याची गाडी तो चालवी, आणि उरलेल्या वेळात सर्वांची थट्टा करी. तो म्हणाला, "विडी नाई भावसिंगभाऊ, तो तुमच्या गाडीचं माप घेऊन राह्यला. ब्लाउज शिवायचं हाय वाटते."

भावसिंग रागावला नाही. त्याने खांद्यावरच्या दुपट्ट्याने गाडीचे बोनेट पुसले आणि तो शांतपणे म्हणाला, "पाहू दे ना. उंच दिसते त लोक पाह्यनच."

हे उद्गार धम्मरत्नाच्या काळजात काट्याप्रमाणे रुतले.

या दोघांचा पूर्ववृत्तान्त सांगणे येथे आवश्यक आहे. तरुणपणी दोघेही एकाच ट्रकवर क्लीनर होते. एका ताटात जेवले, एका ताडपत्रीखाली झोपले. पुढे दोघांनी जुन्या बोलेरो घेतल्या, त्याही एकाच वर्षाच्या. कित्येक वर्षे त्या गाड्या जुळ्या बहिणींसारख्या स्टँडवर उभ्या राहत. परंतु गेल्या वर्षभरात चमत्कार घडला. भावसिंगची गाडी हळूहळू उंच दिसू लागली आणि धम्मरत्नाची मागून बसत गेली. तिचे मडगार्ड टायरवर टेकायला आले. तांड्याच्या रस्त्यावर दगड लागला की तिचे पोट घासे, आणि तो आवाज धम्मरत्नाला आपल्या स्वतःच्या पोटातून आल्यासारखा वाटे.

धम्मरत्न रोज सकाळी मोहाच्या तांड्यावरून कापूस वेचणाऱ्या बाया भरून शेतांवर नेई आणि सायंकाळी परत आणी. त्याची गाडी स्टँडवर फार वेळ नसे. जेव्हा जेव्हा तो येई तेव्हा भावसिंगची गाडी धुतलेली, पुसलेली, रिकामी उभी असे. धम्मरत्नाने याचा असा अर्थ लावला की भावसिंग मोठा झाला. त्याला आता किरकोळ प्रवासी नकोत. तो लग्नाच्या आणि पाहुण्यांच्या भाड्याची वाट पाहत सावलीत बसू शकतो. मोहाचा तांडा भावसिंगचा स्वतःचा तांडा. तेथल्या बाया त्याच्या नात्याच्या. तरीही त्या आपल्या गाडीत बसतात, याचे कारण धम्मरत्नाच्या मते उघड होते. त्यांच्या पायाची माती भावसिंगला आपल्या सीटवर नको होती. त्याने टाकलेले आपण उचलतो, हा विचार त्याला घास गिळू देत नसे.

तरीदेखील हे सर्व त्याने सोसले असते. पण मग खुशी बोलली.

खुशी ही त्याची एकुलती कन्या. तिचा विवाह दिग्रसच्या एका सुशील मुलाशी ठरला होता. एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "बाबा, एक सांगू? राग नका करू."

"सांग."

"सासरी जायच्या वख्ती मी भावसिंगकाकाच्या गाडीत जाईन. मी त्याईले इचारलं बी. ते हाव म्हनले."

धम्मरत्नाचा हात ताटातच थांबला. "आन आपली गाडी?"

"आपली बसली हाय ना बाबा मांगून. फोटोत कशी दिसन? काकाची पाहा, कशी उभी राह्यते."

त्याची पत्नी साधना हिने वातावरण हलके करण्यासाठी भाकरी वाढता वाढता म्हटले, "पोरीचं काय चुकलं? तुमीच त रोज त्या गाडीकडे पाहून उसासे टाकता. माह्याकडे एवढं पाह्यलं असतं त मी बी दोन बोटं उंच झाली असती."

खुशी हसली. धम्मरत्न हसला नाही. ज्या गाडीने या मुलीला दवाखान्यातून घरी आणले, शाळेत नेले, कॉलेजच्या फॉर्मसाठी यवतमाळला नेले, त्या गाडीतून ती घराबाहेर पडणार नव्हती. ती भावसिंगच्या गाडीतून जाणार होती, आणि स्वतःच्या मुखाने मागून जाणार होती.

दुसऱ्या दिवशी तो बशीरभाईच्या गॅरेजात गेला.

बशीरभाई हे वयस्क मिस्त्री. त्यांनी खाली वाकून गाडीचे मागचे पाटे, म्हणजे गाडीचे वजन पेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, बोटाने ठोकून पाहिले. मग म्हणाले, "ये पाटे नाही, पापड हो गये. काय करू?"

"उंच करा. भावसिंगच्या गाडीपेक्षा उंच. चार बोटं वर दिसली पाह्यजे. आन टायर मोठे टाका, त्या पोट्ट्याईच्या गाड्याईले राह्यते तसे."

"चार बोटं?" बशीरभाई उठून उभे राहिले. "धम्माभाऊ, गाडी तुमची हाय, पन बाया कोनाच्या बसते तिच्यात? चार बोटं वर गेली त वळनावर झोका खाईन. आन त्या बाया चढन कशा? शिडी लावता का?"

"मंग किती?"

"पाटे नवे. त्याच्या खाली एक ठोकळा, समोरच्या स्प्रिंगवर एक चकती. दोन बोटं. टायर एक नंबर मोठा, बस. दोन नंबर मोठा घेतला त स्टेरिंग पूरा वळवला की मडगार्डले घासन, मंग पुन्हा माह्याकडेच यान, आन मले शिव्या द्यान."

"भावसिंगच्या गाडीत तुमी काय टाकलं?"

"नवे पाटे."

"आन?"

"आन काई नाई."

"मंग थे एवढी उंच कशी?"

बशीरभाईंनी पाना उचलला आणि तो कापडाने पुसू लागले. पाना स्वच्छच होता. "दुसऱ्याच्या गाडीची गोष्ट माह्या गॅरेजात नोको," ते म्हणाले. "तुमची बोला. दोन बोटं का नाई?"

धम्मरत्नाला वाटले, भावसिंगने याचे तोंड बंद केले आहे. त्याने पुष्कळ वाद घातला. चारावरून तीन बोटांवर आला. बशीरभाई दोनावरून हलले नाहीत. शेवटी धम्मरत्न टायरांच्या दुकानात गेला आणि तेथे त्याने सर्वांत रुंद व खरबरीत टायरावर कितीतरी वेळ हात फिरवला, जसा एखादा मनुष्य दुसऱ्याच्या बैलाच्या पाठीवर फिरवतो. पण घेतला मात्र एकच नंबर मोठा. बशीरभाई बरोबर सांगतात हे त्याला ठाऊक होते, आणि मत्सर असला तरी बायांचे जीव त्याच्या हाती होते हेही त्याला ठाऊक होते. माझ्या मते हा त्याचा गुण वाचकांनी ध्यानात ठेवावा.

गाडी तयार झाली. ती सुंदर दिसत होती हे मी रंगारी या नात्याने सांगू शकतो. फार काही निराळी नव्हे. एखाद्या वृद्धाने पाठ सरळ करावी, एवढीच. धम्मरत्नाने ती स्टँडवर भावसिंगच्या गाडीशेजारी आणून लावली आणि दूर जाऊन दोघींकडे पाहिले. रिकाम्या गाड्या एकमेकींच्या बरोबरीने उभ्या होत्या. त्याची कणभर वरच होती.

"वा," भावसिंग म्हणाला. "चांगली उठवली बशीरनं." आणि त्याने धम्मरत्नाच्या पाठीवर थाप दिली. धम्मरत्नाला ती थाप आवडली नाही. त्याला भावसिंगच्या तोंडावर थोडे दुःख पाहायचे होते. ते तेथे नव्हते.

त्या सायंकाळी तो बाया घेऊन तांड्यावर पोहोचला. वेचणी संपत आली होती. बायांच्या अंगाला कापसाची तूस चिकटलेली होती आणि त्या नव्या टायरांची थट्टा करत उतरत होत्या. पुढच्या सीटवर मानीबाई बसून राहिली. मानीबाई ही भावसिंगची थोरली बहीण आणि वेचणीच्या बायांची मुकादम. कोणत्या शेतावर जायचे, कोणाच्या गाडीत बसायचे, हे तीच ठरवी.

"खुशी आमच्या भियाच्या गाडीत जाते म्हनते," ती म्हणाली. ती भावाला आपल्या बंजाऱ्यांच्या गोर बोलीत भिया म्हणे.

"जात होती. आता कायले जाईन? आता माही बी उंच झाली."

"तू नाई म्हनलं त्याले?"

"म्हनीन उद्या." आणि एक वर्षभर जे साठले होते ते त्याच्या तोंडून बाहेर पडले. "त्याले काय फरक पडते मानीबाई? त्याले कमी हाय का? तुमच्या पायाचा चिखल त्याले चालत नाई. त्याची बहीन असून तू माह्या गाडीत हाडं मोडत येते आन तो सावलीत बसून बोनेट पुसते."

मानीबाईने त्याच्याकडे पाहिले. मग मागे पाहिले. बाया एकेक करून उतरत होत्या.

"मी त्याची बहीन असून तुह्या गाडीत काहून बसतो," ती म्हणाली, "हे तुले कधी इचारावं वाटलं नाई?"

त्याने इंजिन बंद केले.

"वरीस होऊन गेलं, सोयाबीनच्या वख्ती आमी त्याच्याच गाडीत होतो. पुलापाशी त्याच्या डोयासमोर अंधार आला. हात स्टेरिंगवर, डोये उघडे, आन मानूस जाग्यावर नाई. गाडी सोयाबीनात गेली. कोनाले काई झालं नाई. त्याले साखरेची बिमारी हाय. त्या दिवशी उठल्यावर त्यानं इचारलं, गाडी काहून थांबवली म्हने."

"मले कोनी सांगतलं नाई."

"कोनालेच नाई सांगतलं. त्याले बी नाई. तांड्यानं ठरवलं, बाहेर बोलाचं नाई आन त्याच्या गाडीत बसाचं नाई. भियाचा नंबर लागला की कोनाले दुकान आठवते, कोनाले दवाखाना. मी म्हनतो मले तुह्या गाडीतली मोकयी हवा लागते." ती थांबली. "थे उंच नाई रे बापू. थे रिकामी हाय."

याच वेळी मागची शेवटची बाई खाली उतरली. पाटे कुरकुरले आणि गाडीची मागची बाजू धम्मरत्नाच्या पाठीखाली हळूच वर उचलली गेली. हा अनुभव त्याने रोज घेतला होता. परंतु आजवर त्याकडे त्याने लक्ष दिले नव्हते. नवे पाटे, आणि वर बसायला वर्षभर कोणी नाही. ते उंचच राहणार. आणि त्याची गाडी बसली होती, कारण तिच्यात सगळा तांडा बसला होता.

"खुशीनं इचारलं तवापासून तो हवेत हाय," मानीबाई खाली उतरता उतरता म्हणाली. "नवे सीटकव्हर आनले. तांड्यात घरोघरी सांगून राह्यला, ठमक्याची पोरगी माह्या गाडीत जाते. तू नाई म्हनलं त तो समजन. हाव म्हनलं त पोरगी तुही हाय. मी काई सांगत नाई. तू पाह्य."

ती गेली. वाचकहो, तुम्हाला वाटेल की धम्मरत्नाच्या मनातला मत्सर त्या क्षणी नाहीसा झाला. तसे झाले नाही. त्याने मला सांगितले की आधी त्याला आनंद झाला, शुद्ध आनंद, आणि त्या आनंदाची त्याला शरम वाटली. मग तो आनंद गेला आणि त्या जागी पूर्वीहून मोठा मत्सर येऊन बसला. एक सगळा तांडा एका माणसासाठी वर्षभर तोंड मिटून राहतो. बहीण मोकळी हवा लागते अशी थाप मारून दुसऱ्याच्या गाडीत हाडे मोडून घेते. बशीरभाई स्वच्छ पाना पुसत बसतात. माझ्यावर अशी वेळ आली तर माझ्यासाठी कोण गप्प बसेल? घरी पोहोचेपर्यंत त्याला एकही नाव आठवले नाही.

दुसऱ्या दिवशी तो स्टँडवर आला. मी तेथे एका टेम्पोवर नंबर रंगवीत होतो, त्यामुळे पुढील प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर घडला. भावसिंग गाडीच्या काचा पुसत होता. धम्मरत्न त्याच्यासमोर उभा राहिला आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "भाव्या, खुशीच्या पाठवनीले तुही गाडी पाह्यजे."

"पोरीनं सांगतलं हाय मले. मी येतो ना."

"तू त येच. पन चाबी मले पाह्यजे. गाडी मी चालवीन."

भावसिंगचा हात काचेवर थांबला. "तू चालवीन? काहून?"

"काहून म्हनजे? पोरगी माही हाय. थे मांगं रडत बसन, आन मी मोकये हात मांडीवर ठेवून बसू का? मले हाताले काईतरी पाह्यजे. आन माही गाडी नोको. तिच्यात मले पावलोपावली तिचं लहानपन दिसन. तुही दे."

तनवीर मागे थोडाच राहणार. "धम्माभाऊ, मंग हे टायर कायले फुगवले? एवढी उंच केली आन शेवटी गाडी दुसऱ्याचीच मांगतली?"

स्टँड हसले. चहावाला हसला. मीही हसलो, कारण मला तेव्हा काही ठाऊक नव्हते. एका शब्दात सर्वांची तोंडे बंद करता येतील असा शब्द धम्मरत्नापाशी होता. त्याचे कान लाल झालेले मी पाहिले. तो म्हणाला, "हाव. मांगतली. भावसिंगची चांगली हाय माह्यापेक्षा. तू काय करतं, माही चालव त्या दिवशी. बाया आन आंदण घेऊन मांगून ये."

भावसिंग त्याच्याकडे फार वेळ पाहत होता. त्याला काय कळले आणि काय नाही, हे मला आजही सांगता येत नाही. त्याने खिशातून किल्ली काढली, शर्टाला पुसली आणि धम्मरत्नाच्या हातावर ठेवली.

"क्लच हलका हाय तिचा," तो म्हणाला. "जोर्‍यानं दाबशीन नोको."

"तू बाजूले बसशीन ना. तुह्याशिवाय थे मले आयकन नाई."

विवाह बौद्ध पद्धतीने साधेपणाने पार पडला. वंदना झाली, वरवधूंनी एकमेकांना हार घातले, जेवणे झाली. दुपार कलताना पाठवणीची वेळ आली. खुशी आणि जावई भावसिंगच्या गाडीत मागे बसले. फोटो काढणाऱ्याने खाली बसून, वाकून, बाजूने, असे अनेक फोटो घेतले. गाडी फुलांनी सजलेली होती आणि खरोखर उंच दिसत होती. पुढच्या सीटवर भावसिंग बसला. त्याने नवा पांढरा सदरा घातला होता. साधना पदराने डोळे टिपत दारात उभी होती.

मागे धम्मरत्नाच्या गाडीत कपाट, भांडी, गाद्या आणि मानीबाईसह तांड्याच्या बाया चढल्या. एकेक बाई चढली तशी गाडी खाली गेली. बशीरभाईंनी दिलेली दोन बोटे केव्हाच संपली.

रस्त्याला लागल्यावर धम्मरत्नाच्या लक्षात आले की भावसिंगचा क्लच खरोखर हलका आहे. स्टेअरिंग एका बोटाने वळते. सीटमध्ये कोणाच्याही वजनाचा खड्डा नाही. मागून खुशी रडता रडता म्हणाली, "काका, गाडी किती मस्त चालते तुमची," आणि त्याच्या छातीत ती जुनी कळ पुन्हा उठली. चालवत होता तो, आणि स्तुती झाली दुसऱ्याची. आरशात त्याला स्वतःची गाडी दिसत होती. ती दूर मागे, मान खाली घालून, ओझ्याखाली येत होती.

"तुह्या बाबाचीच हाय ना चांगली," भावसिंग खुशीला म्हणाला, पण त्याचा चेहरा उजळला होता.

दिग्रस जवळ आले तेव्हा एका वळणावर अचानक शेळ्यांचा कळप रस्त्यावर उतरला. धम्मरत्नाने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिले की भावसिंगचा उजवा पाय समोरच्या रिकाम्या मॅटवर, जणू तेथे ब्रेक असावा असा, जोराने दाबला गेला. त्याच वेळी धम्मरत्नाने ब्रेक दाबला. गाडी धक्का न देता जागच्या जागी थांबली.

भावसिंगने श्वास सोडला. "थांबली बराबर," तो म्हणाला.

"हाव," धम्मरत्न म्हणाला. "बराबर थांबवली."

शेळ्या सावकाश चालल्या होत्या. गुराख्याला घाई नव्हती. धम्मरत्नाने हॉर्न वाजवला नाही, आणि शेवटची शेळी रस्ता ओलांडून जाईपर्यंत भावसिंगने मॅटवरचा पाय उचलला नाही.

माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले असल्याने भाषेत काही उणे राहिले असेल, तर ते उदार मनाने पोटात घालावे. आपण आपला अमूल्य वेळ देऊन ही हकिकत अखेरपर्यंत वाचलीत, याबद्दल मी आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
बळीराम मुनेश्वर, रंगारी
दारव्हा, जिल्हा यवतमाळ